पाच वर्षं नाशकात नाही

बाई, तुम्हाला जाऊन विसावर वर्षं झाली, आणि जे तोंडावर सांगायला हवं होतं ते मी आता लिहायला बसले आहे. दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या तीन-चार वर्षं आधीची गोष्ट. तुमच्या बाळंतपणाच्या दवाखान्यात आम्ही दोघी सुइणी होतो, दोघीही विधवा, दोघीही तुमच्याच हाताखाली शिकलेल्या. दुसरी येवल्याकडच्या विणकराची लेक. एका दुपारी तुम्ही आमच्यापुढे करारपत्र ठेवलंत आणि वाचून दाखवलंत: नोकरी सोडली तर पुढची पाच वर्षं नाशकात बाळंतपणं करायची नाहीत. मी लगेच सही केली. तिनं विचारलं, "मंग पाच वर्षं करायचं काय, बाई? मला दुसरं येतंय तरी काय?" तुम्ही हसलात, आणि तिनंही हसत सही केली. माझ्या सहीकडे तुम्ही पाहिलंसुद्धा नाही.

पाहणार कशाला? तुमचं लक्ष तिच्या हातांवर होतं. आडवं मूल पोटावरून फिरवायला शिकवताना तुम्ही माझ्या मनगटावर चापट मारली होतीत. "घाबरट हात आहेत तुझे." तिच्या हातांवर मात्र तुम्ही स्वतःचे हात ठेवलेत. मला अजून दिसतं: तुमचे डोळे मिटलेले आहेत, तुम्ही दोघी मिळून त्या बाळाचा माग काढताय, आणि मी गरम पाण्याचं पातेलं धरून उभी आहे.

दोन वर्षांनी ती सोडून गेली आणि पंचवटीत दोन खोल्या घेऊन बाळंतपणं करू लागली. ही बातमी मीच तुम्हाला दिली. कामाचं निमित्त काढून पूल ओलांडला, तिची पाटी वाचली, आणि परत येऊन चप्पल काढायच्या आधी सांगितलं. तुम्ही दावा लावलात. साक्षीला मीच उभी राहिले, आणि विचारलं त्याहून जास्तच बोलले.

न्यायाधीशांनी तुमच्या वकिलांना एवढंच विचारलं, "ही आता तुमच्या अशिलाच्या नोकरीत आहे का?"

"नाही, साहेब."

"नोकरीत असेपर्यंत असं बंधन चाललं असतं. नोकरी सुटल्यावर कोणाला तिचा धंदा करू नको म्हणणारा करार कायद्यात टिकत नाही. सही असली तरी नाही."

दावा फेटाळला गेला. बाहेर व्हरांड्यात ती तुमच्या पाया पडली. मला वाटलं, तुम्ही तोंड फिरवाल. तुम्ही तिला खांद्याला धरून उठवलंत आणि विचारलंत, "पायाळू आलं तर ओढत नाहीस ना गं घाईनं?"

"नाय बाई. तुमी सांगितलंय तसंच. वाट बघते."

हरलेल्या तुम्ही होतात आणि तुमच्या चेहऱ्यावर अभिमान होता. एवढी वर्षं तुमच्याजवळ राहून मला तो चेहरा एकदाही मिळाला नाही.

टांग्यात बसल्यावर तुम्ही म्हणालात, "आता तूही मोकळी आहेस. तुझ्याही कागदाला अर्थ राहिला नाही."

मी म्हणाले, "मी नाही तुम्हाला सोडून जायची." तुम्ही माझा हात दाबलात. शेवटपर्यंत तुम्ही त्याला निष्ठा समजलात, आलेल्या-गेलेल्याला कौतुकानं सांगितलंत. बाई, ती निष्ठा नव्हती. कागद खरा होता तोवर मला म्हणता येत होतं की बाईंनी बांधून ठेवलंय. तो खोटा ठरला आणि मला भीती वाटली, की मी पाटी लावली तर माझ्या दारी कोणी येणारच नाही.

हे वाचून दाखवण्याजोगी आता तीच एक उरली आहे. म्हणून काल इथवर लिहिलेलं हे पत्र पदराखाली घेऊन पंचवटीत गेले. ती आता म्हातारी झाली आहे, पण ओट्यावर पोटुशा बायका बसल्या होत्या. मी कोपऱ्यावर थांबून त्या मोजल्या. नऊ होत्या. मग आत न जाता मी तशीच घरी आले.