वेलीच्या रहिवासाचा दाखला

तीर्थरूप मामांस,

भाच्याचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, त्यामुळे जेमतेम वाकून). तुमचा गुडघा आणि मामींचा राग, दोन्ही एव्हाना ओसरले असतील अशी आशा आहे.

कंबरेचं कारण आमच्या बागेतलं तळं. तिथली माळ्याची नोकरी मला तुमच्याच शब्दामुळे लागली, म्हणून सगळं सविस्तर कळवतो. वर्षभरात तळ्यावर कसलीशी परदेशी वेल पसरली आणि कचेरीने तिच्यासाठी दोन शास्त्रज्ञ बोलावले (एकच बोलावला असता तर माझी कंबर शाबूत राहिली असती). चष्मेवाल्या बाई म्हणतात, ही दोन वर्षांत तळं गिळेल, उपटा. टोपीवाले सर म्हणतात, नुकसान सिद्ध कुठे झालंय, उलट सावलीला मासे वाढलेत, आणि बाहेरून आलं ते सगळं वाईटच असतं थोडंच. सोमवारी बाईंसमोर मी गुडघाभर चिखलात उभा राहून वेल उपटली. मंगळवारी सरांसमोर तीच परत लावली. फिरायला येणाऱ्यांतही दोन तट पडले. ज्या बाकावर इतकी वर्षं फक्त ब्लडप्रेशरची चर्चा झाली, तिथे दोन पेन्शनर आता एकमेकांकडे पाठ करून बसतात. शेवटी तळ्याच्या मधोमध दोरी बांधली. अलीकडची वेल काढायची, पलीकडची ठेवायची आणि महिन्याने फरक मोजायचा. वेल दोरी मानत नाही, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. त्यात उपटलेलं रोप फेकायला माळ्याचा हात धजत नाही, म्हणून मी तुकडे करून येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटले. आता ती घरोघरी बाटल्यांत आहे, विरोधकांच्याही.

कचेरीतले साहेब म्हणतात, वेल राहो की जावो, ती ज्याने आणली तो घरी जाणार. गुरुवारी चौकशी आहे. मला झोप लागत नाही, मामा.

तुमचा आज्ञाधारक
भाचा

ता. क. : वेल तुम्हीच मला माशांच्या काचपेटीसाठी बरणीत घालून दिली होती. बरणी धुताना मी पाणी उरलेल्या तुकड्यांसकट तळ्यात ओतलं. तुमचं बालपण याच बागेत गेलं, शिवाय तुम्ही हेडमास्तर होतात. तेव्हा "ही वेल मी लहानपणापासून या तळ्यात पाहत आलो आहे" एवढं लिहून, खाली सही करून बुधवारपर्यंत पाठवा. शाळेचा जुना शिक्का घरात असेलच.

ता. क. २ : माशांची काचपेटी साफ ठेवायला तुम्ही दिलेल्या गोगलगायी मी गेल्या आठवड्यात तळ्यात सोडल्या, वेल खातील म्हणून. वेलीला त्यांनी तोंडसुद्धा लावलं नाही. कमळं मात्र संपली. आज सकाळी बाई आणि सर उरलेल्या देठांपाशी शेजारी शेजारी उभे होते आणि पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालं : या गोगलगायी इथल्या नाहीत. तर दाखल्यात "वेल आणि गोगलगायी" असं लिहा.