तीस इंच, बारीक

बाई, मी रायफलला नवी नळी बसवून घेतली. माझ्या मापाची. तुम्हाला सांगावंसं वाटलं, कारण तुम्ही असता तर नाही म्हणाला असता.

तुमचं नाही मला पाठ आहे. कॉलेजमागच्या टेकडीखाली आम्ही मुली पालथ्या पडलेल्या. रायफल एकच, कुणा उंच सोजिरासाठी बनवलेली. सकाळी तुम्ही वर्गात कविता शिकवलेली असते, आता एनसीसीचा खाकी शर्ट घालून आमच्या डोक्याशी उभ्या आहात. दस्ता खांद्याला लावला की माझा डावा हात पुढे पोचत नाही. मी म्हणते, ‘बाई, ही मला लांब पडते.’ तुम्ही म्हणता, ‘अगं, रायफल आहे ती. ब्लाउज नाही, मापाने शिवून घ्यायला. तूच लांब हो.’ सगळ्या हसतात. मीही हसते आणि लांब होते. पुढच्या रविवारी तुम्ही जुन्या गोधडीचे दोन तुकडे माझ्या कोपरांखाली सरकवलेत. तेवढीच सवलत. त्या शिकवणीवर मी फार वर्षं काढली. इंग्लंडला, साउथहॅम्प्टनला आले, बंदरात कंटेनरच्या वेळापत्रकांचं काम धरलं, रविवारी नेमबाजीच्या रेंजवर जाऊ लागले. पहिली रायफल क्लबातल्या एका म्हाताऱ्याची घेतली, दुसरीही कुणाची तरी जुनीच. दोन्हींशी मीच जुळवून घेतलं.

गेल्या उन्हाळ्यात जुळेनासं झालं. पुढची साइट, म्हणजे नळीच्या टोकावरची छोटी कडी, धूसर दिसू लागली. डावा खांदा थरथरू लागला. हजार यार्डांवर नेम चुकायला एवढं पुरतं. आमच्या क्लबच्या संघाचा कॅप्टन सभ्य माणूस. म्हणाला, ‘पुढच्या सीझनला तीनशे यार्डांवर का येत नाही तुम्ही? तिथून चहाही जवळ पडतो.’ इथे अशा वाक्याने माणसाला संघातून काढतात. मी म्हटलं, ‘मला चहा लांबूनच आवडतो.’ तो हसला. पण वसंतातल्या चाचणीपलीकडे त्याने मुदत दिली नाही.

मी गनस्मिथकडे गेले. गावाबाहेर शेड, दारात झोपलेला कुत्रा. आमची गोळी लष्करी मापाची, सात पूर्णांक बासष्ट मिलिमीटर. स्पर्धेत काडतुसं आयोजकच देतात, सगळ्यांना सारखी. ती निवडता येत नाहीत, म्हणून निवडायची ती नळी. आतला व्यास त्या गोळीला केसभर आवळ ठेवायचा, गोळीला फिरवणाऱ्या आतल्या खाचांच्या पिळाचा तेरा इंचांत एक फेरा, यावर आमचं लगेच जमलं. वाद झाला तो लांबी-जाडीवर. तो म्हणाला, ‘सव्वीस इंच, जाड. टोकाला पोकळ नळकांडं लावू आणि साइट त्यावर. तुमच्या वयाचे सगळे हेच नेतात.’ मी नको म्हटलं. आखूड नळीतून गोळीला वेग कमी मिळतो; हजार यार्डांपर्यंत पोचताना ती मंदावते आणि वाऱ्याच्या तावडीत सापडते. मला तीस इंच हवी होती. वेगासाठी, आणि कडी डोळ्यापासून दूर गेली की साफ दिसते म्हणूनही. खांद्याला झेपावं म्हणून वजन जाडीतून कमी करायचं.

‘बारीक नळी तापते,’ तो म्हणाला. ‘तापली की गोळ्या भटकतात. मी रायफली बनवतो, स्पॅगेटी नाही.’

मी विचारलं, ‘आणि मध्ये थांबलं तर?’ इथे एका लक्ष्यावर दोघं आळीपाळीने झाडतात. एकाने झाडायचं, दुसऱ्याने त्याचे गुण लिहायचे. प्रत्येक गोळीनंतर लक्ष्याखालच्या खड्ड्यातली माणसं लक्ष्य खाली घेतात, खूण लावून वर करतात. तोवर माझी नळी नुसती पडून असते. त्याने खडूने बाकावर आकडे लिहिले, पुसले, पुन्हा लिहिले. ‘तुम्ही घाई करत नाही ना?’

‘नाही.’

‘मग चालेल. पण भटकल्या तर मला फोन करून रडू नका.’ मग त्याने टेप काढून शिंप्यासारखा माझा हात मोजला आणि दस्ताही आखूड करून दिला.

चाचणीच्या दिवशी रेंजवरचे झेंडे वाऱ्याने ताठ उभे होते. मी पडते, पट्टा दंडाला आवळते, आणि कडी दिसते. काळी, स्वच्छ, मध्ये लक्ष्य. खांदा गप्प आहे. शेजारी झाडतो तेव्हा मी त्याचे गुण लिहिते, झेंडे बघते. शेवटपर्यंत गोळ्या एकत्र राहिल्या. दोन वाऱ्याने नेल्या, त्या माझ्या चुकीच्या अंदाजाच्या, नळीच्या नव्हेत. कॅप्टनने दुर्बिणीतून डोळा काढला आणि म्हणाला, ‘ठीक आहे. हजारवरच राहा.’ मी आभार मानले नाहीत. जागा माझीच होती.

तुम्ही चुकीचं शिकवलंत असं मी म्हणत नाही. तुमच्याकडे रायफल एक होती आणि लांब होऊ शकणाऱ्या मुली पुष्कळ. त्यात तेच शिकवता येतं. पण तुम्ही माझ्याहूनही बुटक्या होता, आणि आमच्यासमोर कधी पालथ्या पडला नाहीत. तेव्हा वाटायचं, अधिकाऱ्याला ते शोभत नसेल. आता वाटतं, ती तुम्हालाही लांब पडत होती. ही नसती पडली. ही तुमच्या खांद्याला नीट बसली असती.

हे पत्र टपालात टाकायचं नाही, म्हणून खरं लिहिते. तुम्ही ‘एकदा झाडून बघते’ म्हणाला असता, तर ती हातात न देता मी काहीतरी सबब सांगितली असती.