आक्कांची तहान

२० एप्रिल
अकलूजहून सकाळच्या एसटीने आले. शुक्रवार पेठेतलं घर आवडलं. माझी खोली पत्र्याखाली आहे, पण वारा येतो. नणंद, दाक्षायणीआक्का, अंथरुणावर आहेत. त्यांचा मुलगा प्रभुलिंग कामासाठी बंगळूरला गेलाय, तोवर मी त्यांच्याजवळ. मला पाहताच म्हणाल्या, "आली मास्तरीण. आता आजारीबी शिस्तीत पडाय पाहिजे की." हसू आलं. अंग पुसून झालं की गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजा, त्यानंतरच पाण्याचा घोट, हा त्यांचा आयुष्यभराचा नेम. तो मी नीट सांभाळीन.

२९ एप्रिल
शेजारची अंकिता कॉलेजच्या संशोधनासाठी सकाळ-संध्याकाळ माझी थुंकी नळीत भरून नेते. त्यातलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, सकाळी चढतं, रात्री उतरतं. उकाड्याने झोप मोडली की नीट उतरत नाही, असं तिचं म्हणणं. मी सुनावलं, आम्हीही बी.एस्सी. केलंय, चिडचिडीला रसायनाचं नाव दिलं की माणूस मोकळा सुटतो.

७ मे
पत्रा तापून झोप नाही. घामेजलेला दोरा बदलायला आक्कांचं लिंग मीच उतरवलं, आणि पूजेच्या वेळी ते सापडेना. कामवाल्या शिवलीलेवर ओरडले, तिची पिशवी उलटी केली. ती पिशवी उचलून निघून गेली. आक्का दुपारपर्यंत पाण्याविना. मग लिंग सापडलं, माझ्याच पदराच्या गाठीत. गाठ कधी मारली, आठवत नाही. आक्कांना खोटंच सांगितलं, कोनाड्यात होतं.

११ मे
पुन्हा. आक्का झोपेत असताना लिंग गळ्यातून गेलं. पिठाच्या डब्यात निघालं. माझे हात कोपरापर्यंत पांढरे. आक्का म्हणाल्या, "असू दे गं, ऊन लई हाय." म्हणजे त्यांना कळलंय. अंकिता सांगते, माझं संप्रेरक रात्रीही उतरत नाही, चार दिवस गावी जा. शिवलीला येत नाही; आक्कांना कुणावर टाकू? प्रभुलिंगला फोन केला. खरं सांगायची लाज वाटली. सगळं ठीक आहे म्हणाले.

१४ मे
दाराला आतून कडी. मीच लावली असणार. आक्कांची जीभ टाळूला चिकटतेय. विनवलं, आज नेम मोडा. तांब्या ओठांना लावला. त्यांनी तोंड मिटून —

लिंग माझ्या डाव्या मुठीत आहे. मूठ उघडत नाही. अंकिताला हाक मारावी, तर ती ही मूठ बघेल —

आक्का आता लिंग मागत नाहीत. नुसत्या माझ्या हाताकडे —

लाज राहू दे. उठते, हाक मारते. पण उजवा हात वही सोडत नाही. लिहितोच आहे. आक्का, ही मी नाही, हा —