पुलापलीकडचा लाल भाग

३ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

फोनवर मी नुसतं 'हो, बरंय' म्हणते म्हणून तू पत्रं लिहायला लावलीस, तर घे आता, वाच! चष्म्याच्या दुकानातली नोकरी सोडल्यापासून दिवस खायला उठतो, म्हणून ह्यांनी मला त्यांचा ऑनलाइन खेळ शिकवायला घेतलाय. शेजारी शेजारी दोन कॉम्प्युटर, आणि मी अगदी ढ. तुझ्या ड्रायव्हिंग स्कूलमधल्या शिकाऊ बायकांना माझ्याआधी जमलं असतं.

सुरुवातीला नवख्यांचं गाव असतं. राक्षसाशी लढताना जमिनीवर लाल वर्तुळ उमटलं की त्यातून बाहेर पळायचं, कारण घाव तिथेच बसणार. मी वर्तुळात उभी राहून नकाशा बघत होते! हे म्हणाले, मावशीने तुला काय डोंबल शिकवलं? गमतीनेच म्हणाले. पुढच्या आठवड्यात त्या गावाबाहेरच्या पुलापलीकडे नेणार आहेत.

लोभ आहेच, तो वाढता राहू दे.
तुझी,
चिमणी

११ फेब्रुवारी

चि. चिमणीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मीही त्या खेळात नाव घातलं. या वयात! दोनदा विहिरीत पडले, एकदा कोंबड्याने मारलं. हसू नकोस.

शिकवणाऱ्याच्या पायाशी जादा ब्रेक असतो, शिकाऊ माणूस धडकू नये म्हणून. जावईबापूंच्या पायाशी तो आहे ना, एवढं बघ. आणि खरं सांग, नोकरी का सोडलीस? काचा घासायचं काम तुला किती आवडायचं. मला चैन पडत नाही.

जिवाला जप, हेच मागणं.
तुझी,
मावशी

२ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

यापुढे पत्र खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंच्या पत्त्यावर पाठव. मागचं ह्यांनी वाचलं. नोकरीबद्दल विचारलंस म्हणून घरात दोन दिवस अबोला होता. फोनही त्यांच्याकडेच असतो.

पूल ओलांडला. पलीकडच्या लाल भागात खेळाडू एकमेकांना मारू शकतात. पण नवख्याच्या अंगावर कवच असतं, आणि आपण कुणावर हात उचलेपर्यंत ते तसंच राहतं. हे म्हणाले, मला एकदा मार, सरावासाठी. मी हसत हसत मारलं. कवच गेलं. मग त्यांनी मला मारून टाकलं. मेलं की पुलापाशी पुन्हा उभं राहतो आपण. हे तिथेच थांबलेले. दुपारभर तेच चाललं होतं. म्हणाले, आता शिकलीस.

परवा स्वयंपाकघराच्या दारात त्यांनी वाट अडवली. मी छातीला हात लावून त्यांना बाजूला केलं, तर म्हणाले, पहिला हात तू उचललास. पुढचं लिहीत नाही. डाव्या कानाने अजून नीट ऐकू येत नाही. मला फार भीती वाटते, मावशी.

मला अंतर देऊ नकोस.
चिमणी

७ मार्च

चि. चिमणीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रडून झालं माझं, आता कामाचं लिहिते. तुझी काडीचीही चूक नाही. आजवर शेकडो जणांना गाडी शिकवली, मुद्दाम धडकवून कुणाला शिकवलं नाही. हा माणूस तुला मार खायला शिकवत होता.

सोमवारी तो कामावर गेला की नेसत्या कपड्यांनिशी निघ. माझ्याकडे येऊ नकोस, तो आधी इथेच येईल. माझी ती परिचारिका मैत्रीण तुला स्टँडवर भेटेल आणि तिच्या घरी नेईल. तिला तो ओळखत नाही.

खेळात मी ढाल घेतली आहे. ढालवालीने घसा फोडून ओरडायचं, राक्षसाला आपल्या अंगावर घ्यायचं, तेवढ्यात बाकीच्यांनी निसटायचं. माझा आवाज तुला ठाऊकच आहे. तू मागे वळून बघू नकोस.

सुखरूप पोच, दुसरं काही नको.
तुझी,
मावशी

१५ मार्च

ती. मावशींना,
सा. न. वि. वि.

आपली भाची सोमवारी न सांगता घरातून निघून गेली. मी रागावलेलो नाही. तिला उगाच घाबरायची सवय आहे. खेळात आपण तिच्या मागे मागे हिंडत होता, तेही मी बघत होतो.

शिंपीणबाई दार उघडत नाहीत. उघडतील. ती आपल्याकडे असेल तर तसं कळवावं. नसेल, तर तिच्या आणि आपल्या ओळखीतल्या एकेकाकडे जाईन. मला घाई नाही.

आपला लोभ आहे असं समजतो.
आपला जावई

१८ मार्च

जावईबापूंस,
आशीर्वाद.

चिमणी माझ्याकडेच आहे. आत्ता आतल्या खोलीत झोपली आहे. शिंपीणबाईंच्या दाराशी उभं राहायची, इकडे तिकडे हिंडायची तसदी घेऊ नका. तुम्ही तिचं काय केलंत ते मी अख्ख्या गल्लीला सांगितलंय, आणि तुमच्या ऑफिसातही सांगणार आहे. बायकोवर हात टाकणारा माणूस बाहेर किती शूर असतो, ते मला बघायचंय. तिला मी पाठवणार नाही. न्यायची असेल तर स्वतः या.

घरात आम्हा दोघींशिवाय कुणी नसतं. दाराला कडी घालत नाही.

वाट बघते.
मावशी