पालथा हात

बारक्या,

दुकान आज तूच उघड. मी डॉक्टरांकडे चाललोय. तू सोबत येणार होतास, पण तू उठेपर्यंत मला दम निघेना. नुसत्या येरझाऱ्या चालल्यात.

मास्तर दाढीला येतील, त्यांची माफी माग. काल त्यांच्या कानाला माझीच कात्री लागली आणि मी खेकसलो तुझ्यावर. खरं सांगतो, करंगळीशेजारचं बोट आता सरळच होत नाही. कात्रीच्या कडीतून सुटत नाही, तोंड धुताना डोळ्यात जातं. तळव्यात दोरी ताणल्यासारखं सतत ओढतं. हात अवघडलाय, अवघडलाय म्हणत इतके दिवस तुला थापा मारल्या. आज ऑपरेशन म्हणाले तर हो म्हणणार आहे. आबांची मूठ शेवटपर्यंत उघडली नाही, आठवतं ना?

आता एक कर. ही चिठ्ठी टेबलावर ठेव आणि तिच्यावर उजवा हात पालथा टेकव. सगळा तळवा कागदाला लागतो का बघ. काल चहा देताना तुझ्या त्याच बोटाखाली गाठ दिसली मला. माझं तिथूनच सुरू झालं होतं.

हात टेकला तरी ये, नाही टेकला तरी ये. दुकान राहू दे बंद. मी तुझाही नंबर लावतोय.

दादा