बाबांनी बांधलेल्या पट्ट्या

आष्टी,
२० सप्टेंबर १९८१

प्रिय चंद्रभानकाका,

वर्ध्याला तुमच्या सत्कारानंतर आम्ही न भेटताच निघालो, म्हणून तुम्ही निरोप पाठवलात, "रूपरावची तब्येत बिघडली का?" बाबांची तब्येत चांगली आहे. सकाळी वावरात जातात, संध्याकाळी आईशी तुरीवरच्या अळ्यांबद्दल बोलतात. तुमचं नाव मात्र काढत नाहीत.

लहानपणी तुम्ही आलात की मी तुमच्या मांडीवर बसून हेलसिंकीची गोष्ट ऐकायची. फौजेतले दोन दोस्त, एकाच वजनाचे, बॉक्सिंगच्या टीममधून ऑलिंपिकला गेलेले. लढायचं होतं बाबांनी, तुम्ही राखीव. सरावात बाबांचा अंगठा दुखावला. डॉक्टरच्या ते लक्षात आलं आणि मॅनेजरने नावं बदलली. गोष्ट इथवर आली की बाबा उठून गोठ्यात जायचे. पुढचं तुम्ही सांगायचात. तुमचे बूट फाटले होते म्हणून बाबांनी स्वतःचे दिले. तुमच्या हातांना पट्ट्याही त्यांनीच बांधल्या. तुम्ही मार खात होतात तेव्हा कोपऱ्यातून तेच ओरडत होते, "डावा वर ठेव, चंद्रभान!"

तुम्ही पहिल्याच लढतीत हरलात. तरी परत आल्यावर ऑलिंपिकचे खेळाडू तुम्हीच झालात, नागपूरला नोकरी लागली. बाबा आष्टीला आले. बाजारात लोक म्हणायचे, "रूपराव एवढ्या दूर गेलता, अन् पाहूनच आला." बाबाही हसायचे. राग होता तो त्या डॉक्टरवर. अंगठ्याचं दुखणं त्यांनी तुमच्याशिवाय कोणालाच सांगितलं नव्हतं, मग त्याने ओळखलं कसं? तुमच्यावर संशय घ्यायचं त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही.

आणि वर्ध्याला माईकवर तुम्ही किती सहज बोलून गेलात! "डॉक्टरले काय मालूम होतं? मॅनेजरले मीच जाऊन सांगितलं. नाई त या गड्याचा हातच गेला असता!" लोक हसले, टाळ्या पडल्या. बाबा पहिल्या रांगेत होते. टाळीसाठी उचललेले त्यांचे हात तसेच राहिले. तुम्ही त्यांच्याकडे बोट दाखवून हसत होतात, काका.

एस.टी.त आर्वी येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "हात माहा होता, जयवंता. मोडला असता त माहा मोडला असता." उतरताना पुन्हा बोलले, "त्यानं मले ती लढत मागून पाह्यली असती. मी म्हटलं असतं, जाय, तू लढ."

तुम्हाला खरंच त्यांच्या हाताची काळजी वाटली असेल, असं मी मनाला समजावून पाहिलं. पण मग इतकी वर्षं आमच्या घरी जेवायला बसून, बाबा डॉक्टरला शिव्या घालत असताना, तुम्ही मान कशी हलवत राहिलात? आई तुम्हाला आग्रह करून वाढायची. आता ती सारखं तेच आठवत बसते.

दसऱ्यानंतर तुमच्या मुलाचा, ओमप्रकाशचा, आणि माझा साखरपुडा; त्या साक्षगंधाला तुम्ही येणार आहात. बाबा काल म्हणाले, "पोरगा चांगला हाय. तू माह्याकडे नको पाहू." म्हणजे पुन्हा तेच बाजूला व्हायला निघाले. या वेळी मी होऊ देणार नाही. ओमप्रकाश मला आवडतो, हे तुम्हाला लिहिताना मला लाज वाटत नाही. पण तुमच्या पाया पडून त्या घरात शिरणं माझ्याने होणार नाही. साक्षगंधाला येऊ नका. ओमप्रकाशला मी वेगळं पत्र लिहीत नाही. मी लग्नाला नकार का दिला, ते तुम्हीच त्याला समोर बसवून सांगा. आणि सांगताना हसू नका.

रूपरावांचीच,
जयवंता