उताराचा गिअर

आप्पा, आज वर्गात मी तुमची झाकली मूठ उघडली. इतकी वर्षं आईनं जे जपलं, ते परक्या पोरांसमोर सांगून बसले. तिला अजून कळलेलं नाही.

मी आता सोलापुरात ट्रक चालवायला शिकवते. तुमच्या पोरीच्या हातात स्टेअरिंग आहे हे ऐकून तुम्ही आधी हसला असता, मग गावभर सांगत फिरला असता. माळशिरसकडची, अक्कलकोटकडची पोरं येतात. त्यांचे प्रश्न ठरलेले. जड गाडीचं लायसन कधी मिळतं, झोप आली तर काय करायचं, घरी कधी जायला मिळतं. झोप आली तर गाडी कडेला घ्यायची, तंबाखूनं झोप जात नाही, असं सांगताना तुमचा फुगलेला गाल आठवतो. घराचं विचारलं की मी विषय बदलते.

आज एकानं विचारलं, "मॅडम, उताराला न्यूट्रल केली की डिझेल वाचतंय की. समदेच करत्यात. मग तुमी नगं का म्हंताय?" उत्तर तोंडपाठ होतं. चढाला जो गिअर, उताराला तोच. गिअरमध्ये इंजिन गाडीला धरून ठेवतं, न्यूट्रलला सोडून देतं. नुसत्या ब्रेकवर राहिलं की ते तापतात, मग कितीही दाबा. पोरं माना डोलावतात आणि नोकरी लागली की पहिल्याच घाटात न्यूट्रल करतात. मालकानं मोजून दिलेल्या डिझेलातलं वाचेल ते ड्रायव्हरचं, ही रीत तुमच्या वेळी होती, आजही आहे. विचारणारा हसत होता. त्याचं नुकतंच लग्न ठरलंय.

मी लहान आहे, शाळेच्या सुट्टीत तुम्ही मला केबिनमध्ये बसवून तुळजापूरला नेता. परतताना घाटाच्या तोंडाशी तुमचा हात गिअरवर जातो आणि इंजिनाची घरघर एकदम खाली बसते. नुसता वारा. आप्पा, गाडी बंद पडली का, असं मी विचारते, तर तुम्ही खेकसता, "चालवणाऱ्याला टोकायचं न्हाय." मग नवी पेठेतून मला लाल फ्रॉक येतो. तो कुठल्या उतारांवरून आला होता, हे मला फार उशिरा उमगलं.

त्याच घाटात तुम्ही गेलात. तेराव्याला तुमचा क्लीनर आला, हात गळ्यात बांधलेला. आईपुढं बसून खालमानेनं म्हणाला, "वैनी, गाडी न्यूट्रल हुती. ब्रेक लागंनात, म्हून वस्तादांनी परत गिअर टाकाय बघितला. पडलाच न्हाय." आई रडायची थांबली. "ह्ये पुन्यांदा कुटं बोलायचं न्हाय. ब्रेक फेल झालं, एवढंच." तेव्हापासून आमच्या घरात ब्रेकच फेल झालेले आहेत. गेलेल्या माणसाला भावकीनं नावं ठेवू नयेत, एवढंच तिला हवं होतं. मीही तेच सांगत आले.

आज त्या पोराचं हसणं बघवेना. मी म्हणाले, माझे वडील न्यूट्रलमध्ये गेले, आणि क्लीनरचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. त्यानंच विचारलं, "त्यास्नी म्हाईत न्हवतं का, मॅडम?"

"माहीत होतं. तुला आहे तेवढंच."

तो उद्या काय करील ते मला सांगता येत नाही. मला तुमचा राग येतो, आप्पा. लई येतो. चांगला हात होता तुमचा, आणि तरी तुम्ही तो गिअर काढलात.

आई आत भाकरी थापतेय. काय लिहितीस म्हणून विचारलं तर पोरांची परीक्षा घ्यायचीय म्हणेन आणि कागद फाडून टाकीन. पण एक गोष्ट मी वर्गातही बोलले नाही. इंजिनाचा आवाज खाली बसल्यावर गाडीत जे शांत शांत व्हायचं, ते मला फार आवडायचं. अजून प्रत्येक उताराच्या तोंडाशी माझा हात गिअरवर जातो, आणि मी तो उचलून परत स्टेअरिंगवर ठेवते.